रायडिंग मॉवर गरम झाल्यावर सेल्फ उचलत नाही: बॅटरी, सेल्फ की चार्जिंग?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, एक सिलिंडरचं इंजिन, पात्यांना इलेक्ट्रिक क्लच. रात्रभर चार्जरवर ठेवलं की सकाळी पहिल्या चावीला चालू होतं. अर्धा-पाऊण तास गवत कापून जरा थांबलात आणि परत चावी फिरवली की नुसता ‘कट्ट’ आवाज, नाहीतर इंजिन अर्धा फेरा फिरून अडकतं. मग पुन्हा चार्जर, दोन तासांनी पुन्हा चालू. आत्तापर्यंत दोन बॅटऱ्या आणि एक नवा सेल्फ घालून झालाय आणि आता फ्लायव्हीलखालची (इंजिनवरच्या जड चाकाखालची) बॅटरीसाठी वीज बनवणारी चार्जिंग कॉइल बदलू का असं विचारताय.

कॉइल बदलू नका. निदान आज तरी नको. फ्लायव्हील उतरवायचं काम आहे ते, आणि तुम्ही लिहिलंय त्यात कॉइल खराब आहे असं सांगणारं एकही लक्षण मला दिसत नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं चाललंय, आणि हे मी चिडवायला म्हणत नाहीये, मी स्वतः सुरुवातीची कित्येक वर्षं असंच केलंय, पार्ट बदलत जायचं आणि कधीतरी बरोबर पार्ट हाताला लागला की स्वतःला मेकॅनिक म्हणवून घ्यायचं.

तुमच्या गोष्टीत एक जागा मोकळी राहिलीये. तुम्ही म्हणता चार्जरला लावल्यावर दोन तासांनी मशीन चालू होतं. पण त्या दोन तासांत दोन गोष्टी झाल्या ना, बॅटरी चार्ज झाली आणि इंजिन थंडही झालं. मशीन नेमकं कशाने चालू झालं? चार्जर न लावता नुसतं दोन तास सावलीत उभं करून बघितलंय का कधी? बहुतेक कोणीच बघत नाही, कारण हातात चार्जर असतो आणि तो लावला की काम होतं, म्हणजे दोष चार्जिंगचा असं डोक्यात पक्कं बसतं.

आता जरा हिशोब करू. या मशीनची बॅटरी छोटी असते, साधारण १८ ते ३० एएच (अँपिअर-तास). वीसची धरा. सेल्फ मारताना १००-१५० अँप करंट जातो पण तो दोन-तीन सेकंदच, म्हणजे एका स्टार्टला जेमतेम ०.१ एएच खर्च. पात्यांचा इलेक्ट्रिक क्लच सतत साधारण ४ अँप खातो, म्हणजे पाऊण तासात ३ एएच. कार्ब्युरेटरखाली पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड असेल तर त्याचं थोडं अजून. म्हणजे चार्जिंग पूर्ण मेलेलं आहे असं धरलं तरी चांगल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीतून पाऊण तासात सहावा हिस्सा वगैरे गेला. एवढ्याने बॅटरी उतरत नाही, तिने आरामात पुन्हा सेल्फ मारायला पाहिजे. इंजिनच्या स्पार्कलाही बॅटरी लागत नाही, तो फ्लायव्हीलच्या चुंबकावर चालणाऱ्या मॅग्नेटो कॉइलमधून येतो, त्यामुळे चार्जिंग नसलेलं मशीन बराच वेळ चालतं आणि कळतही नाही.

मग दोनच शक्यता राहतात. एक, बॅटरी मुळात भरतच नाहीये (चार्जरचा हिरवा दिवा लागला म्हणजे भरली असं नसतं, सल्फेट बसलेली बॅटरी फार लवकर हिरवा दिवा दाखवते). दोन, बॅटरीचा काही दोष नाही आणि गरम झाल्यावर दुसरंच काहीतरी अडतंय. तुम्ही नवीन बॅटरी घालूनही तेच झालं म्हणता, त्यामुळे माझा कल दुसरीकडे आहे. पण कल म्हणजे पुरावा नाही, मीटर लावल्याशिवाय मी कुणाला पार्ट सांगत नाही.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. नेहमीसारखं काम करा, आणि मशीन जेव्हा ‘कट्ट’ करेल त्याच क्षणी, चार्जर न लावता, बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर मीटर टेकवा. क्लॅम्पवर नाही, खुंटावर. चावी बंद ठेवून आकडा बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलीच. इंजिन नुकतंच बंद केलं असेल आणि चार्जिंग चालू असेल तर काही मिनिटं आकडा थोडा जास्त दिसतो, तेवढं मनात धरा.

आता दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा आणि सेल्फ मारताना तोच आकडा बघा. बॅटरीचा व्होल्टेज जोरात खाली बसला, ९ किंवा ८ वर आला, तर करंट वाहतोय, म्हणजे वायरिंगमधून वीज जातेय पण एकतर बॅटरीत दम नाही किंवा सेल्फला इंजिन फिरवताच येत नाहीये. आणि आवाज आला पण व्होल्टेज १२.३ वरून १२.१ वर आला, एवढंच, तर सेल्फपर्यंत करंट पोचतच नाहीये, मधे कुठेतरी अडलाय. ‘कट्ट’ आवाज दोन्हीकडे सारखाच येतो, कानाला फरक कळत नाही. सगळी गंमत या एका आकड्यात आहे आणि हा न बघता लोक सेल्फ बदलतात. चांगल्या मशीनमध्ये सेल्फ मारताना बॅटरी ९.६ च्या खाली जाऊ नये.

आधी दुसरा प्रकार बघू, कारण तो जास्त वेळा सापडतो. बॅटरी खाली बसत नाही म्हणजे वाटेत कुठेतरी रेझिस्टन्स आहे. हा ओहमच्या सेटिंगवर सापडत नाही, जाड केबलचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर शून्य ओहम दाखवतो आणि आपण केबल पास करून टाकतो. सेल्फ मारत असतानाच मोजावं लागतं. प्लगची टोपी काढून ती इंजिनच्या लोखंडाला अर्थ करा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, मशीन न्यूट्रलला आणि ब्रेक लावलेला, पाती बंद. मीटरची लाल तार बॅटरीच्या प्लस खुंटावर, काळी सेल्फच्या बोल्टवर. चावी फिरवायच्या आधी मीटर १२ दाखवेल, घाबरू नका, सेल्फचा सोलेनॉइड (चावी फिरवल्यावर सेल्फला करंट सोडणारा मोठा स्विच) उघडा असतो म्हणून तसं दिसतं. सेल्फ मारताना तो आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे. मग काळी तार मायनस खुंटावर आणि लाल इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर टेकवून हेच करा, इथे ०.२-०.३ च्या आत. ज्या बाजूला आकडा जास्त त्या बाजूला दोष. प्लस बाजूला जास्त आला तर सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टवर मीटर धरून बघा, तिथेच एक-दोन व्होल्ट पडत असतील तर आतला कॉन्टॅक्ट जळलाय, सोलेनॉइड बदला आणि पुढे चला.

अर्थिंगची बाजू लोक बघतच नाहीत. मायनस केबल चासीला एका बोल्टने बसवलेली असते, तो बोल्ट बऱ्याचदा पेंटवरच आवळलेला असतो, खाली ओलं गवत, खताची पावडर, थरथर. थंड असताना कसंबसं काम चालतं, गरम झालं की सांधा सैलावतो. बोल्ट खोला, पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासा, पुन्हा घट्ट आवळा. एका मशीनचा सेल्फ मी बदलला, मग दुसरा बदलला, आणि शेवटी कळलं की मायनस केबलच्या थिंबलजवळ (टोकाच्या धातूच्या कडीजवळ) वरचं रबर अगदी नव्यासारखं होतं पण आत तांब्याची हिरवी पावडर झाली होती. केबल हाताने वाकवली तर आत करकर आवाज आला. तेव्हापासून आधी केबल वाकवून बघतो, मग मीटर काढतो.

आता पहिला प्रकार, म्हणजे व्होल्टेज खाली बसतो आणि इंजिन अर्धा फेरा फिरून अडकतं. तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला हे ‘अर्धा फेरा फिरून अडकतं’ सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. एका सिलिंडरच्या एवढ्या मोठ्या इंजिनला पूर्ण कॉम्प्रेशनवर फिरवायची ताकद या छोट्या सेल्फमध्ये नसतेच. म्हणून कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) एक छोटीशी यंत्रणा असते, सेल्फ मारताना ती व्हॉल्व्ह अगदी किंचित उचलून धरते, थोडं कॉम्प्रेशन सोडून देते, आणि इंजिनने स्पीड घेतला की बाजूला होते. हा उचल अगदी बारीक असतो. टॅपेट सैल झाले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट (क्लिअरन्स) वाढली, की तो उचल त्या मोकळ्या जागेतच संपून जातो, व्हॉल्व्ह हलतच नाही, आणि सेल्फला पूर्ण कॉम्प्रेशन अंगावर घ्यावं लागतं. पिस्टन वर येता येता अडकतो. अगदी बॅटरी उतरल्यासारखं दिसतं.

मग सकाळी का चालू होतं? त्याला नेमकं एकच कारण नाही. गरम सेल्फची ताकद कमी होते हे नक्की, तांब्याचा रेझिस्टन्स दर १० अंशाला जवळपास ४ टक्के वाढतो, इंजिनला चिकटून बसलेला सेल्फ पन्नासेक अंशाने जास्त तापला तर तिथेच वीस टक्क्यांचा फटका. सकाळी भरलेली बॅटरी आणि थंड सेल्फ कसंतरी ओढून नेतात, दुपारी तेवढंही जमत नाही. म्हणजे मशीन सकाळीही काठावरच चालू होत असतं, आपल्याला दिसत नाही एवढंच.

याची परीक्षा फुकटात होते. अडकलं की प्लग काढा, टोपी प्लगच्या भोकापासून लांब नेऊन अर्थ करा (भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, तिथे ठिणगी नको), आणि सेल्फ मारा. इंजिन गरगर फिरलं तर बॅटरी, केबल, सेल्फ सगळं ठीकठाक आहे, दोष कॉम्प्रेशनचा, टॅपेट बघा. प्लग काढूनही रडत रडत फिरलं तर सेल्फ, केबल किंवा बॅटरीकडे वळा. भोकातून पेट्रोलची पिचकारी उडाली तर गोष्ट वेगळी, कार्ब्युरेटरची नीडल गळून सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलंय, ऑइललाही पेट्रोलचा वास येईल, ते ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका. पण हे बहुतेक रात्रभर उभं राहिल्यावर होतं, तुमच्यासारखं दहा मिनिटांत नाही.

टॅपेट सेटिंग हे बॅटरी बदलण्याएवढं सोपं नाही पण फ्लायव्हील काढण्याएवढं अवघडही नाही. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. व्हॉल्व्ह कव्हर काढायचं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणायचा, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या बऱ्याच इंजिनांत टीडीसीच्या पाव इंच पुढे नेऊन मोजायला सांगितलंय म्हणजे ती कॉम्प्रेशनची यंत्रणा मधे येत नाही. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) क्लिअरन्स बघायचा. आकडा इंजिनप्रमाणे बदलतो, साधारण ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघूनच करा, माझ्या अंदाजावर नट आवळू नका. कधी कॅमवरची ती यंत्रणाच तुटलेली असते, मग टॅपेट कितीही सेट करा उपयोग नाही, इंजिन उघडावं लागतं, पण मी आधी टॅपेटच बघतो कारण बहुतेक वेळा तिथेच भागतं.

चार्जिंगकडे आता येतो. ‘कट्ट’ करतेवेळी चावी बंद असताना बॅटरी १२.२ किंवा खालीच दाखवत असेल तरच हा भाग तुमच्या कामाचा. दोन्ही दोष एकदम असू शकतात हेही खरं, रोज रात्री चार्जर लावत असल्यामुळे चार्जिंग मेलेलं तुम्हाला कळलंच नसेल.

इंजिन चालू करून फुल थ्रॉटल द्या आणि बॅटरीवर व्होल्टेज बघा. १३.५ ते १४.५ मध्ये आलं तर चार्जिंग चालू आहे, कॉइल विसरा. बॅटरी खूप उतरलेली असेल तर आकडा हळूहळू चढतो, मिनिटभरात निकाल देऊ नका. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (कॉइलच्या एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) गेला, तो बॅटरी उकळवून मारणार, आणि नवीन बॅटऱ्या लवकर का मरतात याचं उत्तर कधीकधी हेच असतं. इंजिन बंद असताना दिसत होतं तेच १२.४ चालू असतानाही दिसलं, किंवा क्लच लावल्यावर उलट खाली यायला लागलं, तर चार्जिंग होत नाहीये.

होत नसेल तर आधी फ्यूज बघा आणि मग रेग्युलेटरची बॅटरीकडे जाणारी वायर. बऱ्याच मशीनमध्ये ही वायर थेट बॅटरीला जात नाही, चावीच्या स्विचमधून जाते, त्यामुळे चावी ऑन केल्यावर त्या वायरवर बॅटरीएवढाच व्होल्टेज दिसला पाहिजे. दिसला नाही तर कॉइल आणि रेग्युलेटर दोन्ही चांगले असूनही बॅटरीला काही मिळत नाही, दोष स्विचमध्ये, कनेक्टरमध्ये किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये. ही वायर ठीक निघाली तर रेग्युलेटरचा कनेक्टर काढा, मीटर एसीवर करा, फुल थ्रॉटलला कॉइलच्या दोन वायरमध्ये व्होल्टेज मोजा. १५ अँपच्या आसपासच्या सिस्टिमला ३६०० आरपीएमला साधारण २८ व्होल्ट एसी किंवा जास्त यायला पाहिजे, काहींना वीसच्या वर पुरतं. आले तर कॉइल चांगली, रेग्युलेटर बघा. काहीच आलं नाही तर इंजिन बंद करून कॉइलची एकेक वायर इंजिनच्या बॉडीशी तपासा, बीप वाजला की कॉइल शॉर्ट. मग काढा फ्लायव्हील, माझी ना नाही.

रेग्युलेटरबद्दल माझी एक फजिती सांगतो. एसी व्होल्टेज बरोबर, वायर बरोबर, म्हणून रेग्युलेटर बदलला. तरी चार्जिंग नाही. नवाच खराब निघाला म्हणून अजून एक आणला. तोही तसाच. रेग्युलेटरला मायनस त्याच्या बॉडीतून मिळतो आणि मी तो नव्या रंगवलेल्या ब्लोअर हाउसिंगवर बसवला होता. पेंट खरवडला, स्टार वॉशर घातला, १४.१ व्होल्ट. पहिला काढलेला रेग्युलेटरही चांगलाच होता, तो अजून माझ्या पेटीत आहे.

लहान मशीनमध्ये रेग्युलेटर नसतोच, एका वायरमध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो आणि जेमतेम ३ अँप डीसी मिळतो. तिथे वर सांगितलेले एसीचे आकडे लागू नाहीत, मीटरच्या डायोड सेटिंगवर तो एकाच दिशेला दाखवतो का बघायचं, दोन्हीकडे दाखवला किंवा कुठेच नाही तर गेला. पण तुमच्याकडे इलेक्ट्रिक क्लच आहे म्हणजे बहुधा मोठी सिस्टिम असणार, कारण ३ अँप देणाऱ्याने ४ अँप खाणारा क्लच सांभाळायचा म्हणजे रोजचा तोटा.

चावी फिरवल्यावर कधीकधी काहीच आवाज येत नाही असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. तो वेगळा दोष आहे, यात मिसळू नका. टेस्ट लॅम्प सेल्फच्या सोलेनॉइडच्या बारीक वायरवर लावा आणि चावी फिरवा, दिवा लागला तर सोलेनॉइड किंवा त्याची अर्थिंग, नाही लागला तर ब्रेक पेडलचा किंवा पात्यांचा सेफ्टी स्विच, फ्यूज, चावीचा स्विच यातलं काहीतरी. ब्रेकच्या स्विचवर गवताचा गोळा बसलेला बऱ्याचदा सापडतो. हे स्विच तपासायला क्षणभर जोडून बघणं ठीक, पण कायमचे डायरेक्ट करून ठेवू नका, सीटचा तर अजिबात नाही. माणूस खाली पडल्यावर पाती थांबवणारा तोच आहे.

अजून दोन गोष्टी ज्यात चांगले रेग्युलेटर मरतात. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग होतंय का’ बघणं, हे जुने लोक शिकवतात, करू नका. आणि बॅटरी उलटी लावणं, एका क्षणात डायोड जातात. जंपर लावायचाच असेल तर ज्या गाडीवरून घेताय तिचं इंजिन बंद ठेवा.

उद्या मशीन अडलं की मला तीन आकडे हवेत: चावी बंद असतानाचा व्होल्टेज, सेल्फ मारतानाचा व्होल्टेज, आणि पुन्हा चालू झाल्यावर फुल थ्रॉटलचा व्होल्टेज. सोबत प्लग काढल्यावर इंजिन गरगर फिरलं का तेही लिहा. चार्जर मात्र त्या दिवशी लावू नका, मशीन तसंच दोन तास उभं करा आणि मग चावी फिरवून बघा.